शेरसिंगच्या छानीवरचा बर्फ

लामत्याच्या स्टेशनावर छोटी गाडी येऊन उभी राहिली, तरी सासूबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "थंडीच्या दिवसात थंडीच्याच गावाले जाऊन राह्यले. लोकं उन्हाळ्यात जातेत पहाडात. तुमाले काहून इतकी घाई?"

घाई कसली? धान करणाऱ्या घराला दुसरी सवडच नसते. उन्हाळ्यात लग्नं, मोहफुलं, शेणखताच्या गाड्या, बांध्यांची (धानाच्या खाचरांची) डागडुजी. पाऊस लागला की रोवणी. धान चुरून कोठीत पडलं आणि पौष लागला की थोडी उसंत मिळते, कारण पौषात कुणाचं कार्य नसतं. म्हणून आम्ही नवरा-बायको पौषात निघालो. पहाडात त्या दिवसांत काय असतं, याची आम्हाला कल्पना नव्हती. सोबत एक वळकटी, यांचा लग्नातला कोट, पुतण्याचा मागून आणलेला स्वेटर आणि चिन्नोर तांदळाची एक पिशवी.

जायचं होतं शेरसिंगकडे. शेरसिंग गढवालचा. आमच्या गावाजवळच्या लाकडाच्या डेपोवर तो चौकीदार होता आणि आमच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहायचा. मला पाठचा-पुढचा भाऊ नाही. तो आला त्याच वर्षी राखीच्या दिवशी खोलीच्या दारात एकटाच तांदूळ निवडत बसला होता; मी सहज जाऊन त्याच्या हातात राखी बांधली. त्यानंतर दरवर्षी बांधत गेले. आमची बोली तो इतकी शिकला की बैलांनाही तिच्यातच दटावायचा. मला तो ताई म्हणे; यांना मात्र घरमालक म्हणून नेहमी 'पटेल' म्हणायचा. पेन्शन होऊन गावी परत जाताना म्हणाला होता, "ताई, एक बार तरी माझ्या घरी येजो. नाही आली त मी समजीन का राखी फुकटची होती."

जबलपूरला मोठी गाडी, मग दिल्ली, मग हरिद्वार. हृषीकेशहून मोटार निघाली तशी मी खिडकीचा गज धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल खाली गंगा. देवप्रयागला दोन नद्या मिळतात. एक हिरवीगार, दुसरी मळकट. पाणी मिळाल्यावरही बराच वेळ दोन रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात. आमची वैनगंगा भादव्यात भरते तेव्हा तिचा दरारा वाटतो, पण ती सपाटीवरची. ही दगडांवर आपटत, ओरडत जाते. हे म्हणाले, "एवढं पानी असून एक बांधी नाही भरत. सारंच खाली वाहून चाललं."

श्रीनगरला (हे गढवालातलं, काश्मिरातलं नव्हे) धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी चमोलीच्या अलीकडे एका वळणावर उतरलो. शेरसिंगचं गाव वर, डोंगराच्या खांद्यावर. एक खेचरवाला त्याच वाटेनं वर निघाला होता, त्यानं आमची वळकटी खेचरावर टाकली आणि आभाळाकडे पाहून विचारलं, "इस मौसम में कहाँ, बहनजी?"

"भाई के घर," मी म्हटलं.

"तब तो ठीक है," तो म्हणाला. त्यानं खेचर हाकललं.

चढ छातीवर येणारा होता. ठिकठिकाणी बांजाची (ओकची) झाडं, आमच्या जंगलातल्या सागापेक्षा ठेंगणी पण दाट. मध्येच गवताच्या पेंढ्या झाडांच्या फांद्यांवर रचून ठेवलेल्या दिसल्या. आम्ही तणस (धानाचा पेंढा) जमिनीवर रचतो. इथं झाडावर का, ते मागाहून कळलं.

घर सापडलं तेव्हा अंगणात एक बाई लाकडं आवरत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि तिला काहीच उमगेना. आम्ही पाठवलेलं कार्ड पोहोचलंच नव्हतं. ते आमच्यानंतर आलं. आमचं बोलणं ऐकून आतून ओळखीचा आवाज आला, "कोन हाय?" अशी आपली बोली त्या डोंगरात ऐकली आणि माझे डोळे भरून आले. आत गेलो तर शेरसिंग खाटेवर. चारा कापायला बांजावर चढला होता, फांदी मोडली, पायाचं हाड गेलं. बांबूच्या कामट्या बांधून पाय लांब केलेला. आम्हाला पाहून तो आधी हसला, मग त्यानं भिंतीकडे तोंड वळवलं. तसाच म्हणाला, "ये टाइम पर कोनी येते का, ताई? आन मी असा पडलेलो."

त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, कमी बोलणारी होती. मुलगा फौजेत, चीनची लढाई झाल्यापासून त्याला रजा मिळणं अवघड झालं होतं. घरात दोघंच. तिनं आम्हाला चुलीजवळ बसवलं, पायांवर गरम पाणी ओतलं, आणि कोद्याच्या भाकरी केल्या. कोदो म्हणजे आमच्याकडचं बारीक धान्य समजून मी हात पुढं केला, तर तिथला कोदा म्हणजे आपली नाचणी निघाली. वर तूप, बाजूला गुळाचा खडा, आणि गहत (कुळीथ) घालून केलेली दाट डाळ. इतक्या दिवसांचा प्रवास त्या डाळीनं अंगातून काढून टाकला.

पहिला बर्फ दुसऱ्या दिवशी सकाळी पडायला लागला. आधी शेवरीचा कापूस उडावा तसं काहीतरी आलं. मी अंगणात जाऊन पदर पसरला. हे तळहातावर धरून बघत राहिले. वहिनी दारात उभी राहून आमच्याकडे पाहून हसत होती, पण तिचं लक्ष आभाळाकडे होतं. "ह्यूं (बर्फ) रुकेगा नहीं, भुली," ती मला म्हणाली. भुली म्हणजे धाकटी बहीण.

तो थांबला नाही. दिवसभर पडला, रात्रभर पडला. सकाळी दार उघडेना. वहिनीनं आणि यांनी जोर लावून ते ढकललं, तेव्हा कमरेएवढी पांढरी भिंत समोर. अंगण नाही, पायऱ्या नाहीत, वाट नाही. आवाजही नाही. आमच्या गावी अगदी पहाटेसुद्धा कुठंतरी कोंबडा, कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घाटी असते. इथं जणू सगळं जग पांघरुणाखाली गेलं होतं.

घराला पठालीचं (दगडी पाट्यांचं) छप्पर होतं, ते टिकणारं. चिंता होती ती अंगणाखालच्या छानीची. छानी म्हणजे त्यांचा गोठा. लाकडी वासे, वर गवताचं छप्पर. आत बैलजोडी आणि एक गाय. दरवर्षी बर्फ पडला की शेरसिंग स्वतः वर चढून तो खाली लोटायचा. शेजारची दोन घरं हिवाळ्यापुरती खाली खोऱ्यात उतरलेली, कुलूपबंद. बाकीची घरं अंतरावर, आणि जो तो आपापल्या छपरात गुंतलेला.

शेरसिंग खाटेवरून दारापर्यंत सरकत आला. त्यानं छानीकडे पाहिलं. छपराचा मधला भाग खाली वाकलेला मलाही दिसत होता.

"बैल गेले त वावर गेलं," तो हळू म्हणाला. मग वहिनीकडे वळून त्यांच्या भाषेत काही बोलला. ती डोक्याला फडकं गुंडाळायला लागली. ती एकटी चढणार होती.

हे उठले आणि कोट घालू लागले. शेरसिंगनं त्यांचा हात धरला. "नोको, पटेल. पाहुण्याले छपरावर चढवून मी तोंड कुठी दाखवू?"

"पाहुना कोन हाय इथं," हे म्हणाले. "फावडं कुठी ठेवलं ते सांग."

यांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. वहिनीनं ते काढायला लावले, बकरीच्या केसांचे मोजे दिले आणि शेरसिंगचे डेपोतले जुने कातडी बूट दिले. ते यांना मोठे झाले. तिनं वरून सुतळी गुंडाळली. लाकडी फावडं घेऊन हे छानीवर चढले. पहिलं फावडं उचललं आणि तिथंच थबकले. मला वाटलं होतं कापूस असेल. "वल्ल्या धानाच्या पोत्यासारखा हाय," ते वरून म्हणाले.

ते एकाच बाजूनं लोटत चालले, तसा दारातून शेरसिंग ओरडला, "दोन्हीकून काढा, पटेल. एक बाजू हलकी झाली का छप्पर दुसरीकडं बसन." मग ते थोडं इकडून, थोडं तिकडून काढू लागले. वहिनी खालून ढीग बाजूला करत होती. मी घमेल्यानं. बोटं आधी दुखली, मग बधिर झाली, मग ती आहेत की नाहीत तेच कळेना.

अर्धं छप्पर मोकळं झालं असेल, तोच आतून कडकड आवाज आला. मधला वासा. वहिनीनं फावडं टाकलं आणि आत धावली. मीही गेले. गाय लगेच निघाली. बैल मात्र दारात येऊन पाय रोवून उभे. समोर ते पांढरं, आणि त्यात वहिनीनं नुकतीच कोरलेली अरुंद घळ. तिनं ओढलं, थोपटलं, शिव्या दिल्या, बैल हलेनात. आमच्याकडे नव्या पुलावर बैल असेच अडतात. तेव्हा आम्ही वाटेवर तणस पसरतो. मी गव्हाणीतलं गवत कवटाळून घळीत टाकत गेले, चुलीतली राख आणून त्यावर फेकली, आणि मुठीत मीठ धरून पुढं उभी राहिले. म्होरक्या बैलानं नाक खाली घातलं, गवत हुंगलं, एक पाय टाकला. मग दुसरा. त्याच्यामागं जोडीदार आला. दोघांना आम्ही घराच्या खालच्या मजल्यावरच्या सरपणाच्या खोलीत घातलं.

मी वळून "उतरा" म्हणणार, तेवढ्यात छप्पर बसलं. मोठा आवाजही झाला नाही. धाप लागलेलं जनावर बसतं तसं ते बसलं, आणि त्यावरचा सगळा बर्फ खालच्या उतारावर घसरला. त्याबरोबर हेही गेले. छप्पर होतं तिथं मोडकी लाकडं, आणि हे कुठंच नाहीत. 

ओरडला तो शेरसिंग. "जिजाजी! जिजाजी!" इतकी वर्षं ज्यांना तो पटेल म्हणत होता त्यांना. मी पाहिलं, तो उंबरठा ओलांडून, बांधलेला पाय मागं फरफटत, बर्फात कोपरांवर सरकत येत होता. वहिनी आणि मी उताराकडे धावलो, छातीपर्यंत रुतलो. थोडं खाली ढिगातून फावड्याचा दांडा हलताना दिसला. आम्ही हातांनी उकरलं. आधी मुंडासं सापडलं, मग त्याखालचं डोकं. डोळे, मिशा, सगळं पांढरं. यांनी तोंडातला बर्फ थुंकला.

"बैल निघाले का?" त्यांनी विचारलं.

"हौ," मी म्हटलं, आणि तिथंच बसून रडले.

त्या दिवशी वहिनीनं आम्हा तिघांना चुलीभोवती बसवून वाळलेल्या जर्दाळूचा काढा पाजला. शेरसिंगचा पाय पुन्हा बांधावा लागला. तो यांचे बधिर झालेले पाय मांडीवर घेऊन चोळत राहिला. यांनी ओढून घ्यायचा प्रयत्न केला; त्यानं सोडले नाहीत.

ऊन पडलं तसे वरच्या घरांतले लोक वाट कोरत आले. एकानं तुळईसाठी लाकूड दिलं, एकानं झाडावरच्या पेंढ्या उतरवून गवत आणलं. ते कोरडं ठणठणीत होतं. जमिनीवर असतं तर बर्फाखाली कुजलं असतं. आमची परतीची गाडी हुकली होती, पण छानी उभी राहिल्याशिवाय निघायचं नाही असं यांनी ठरवलं. वासे तासायला हे पुढं होते. गावकऱ्यांना यांचं हिंदी कळे, यांना त्यांची पहाडी कळत नसे. तरी काम अडलं नाही. संध्याकाळी वहिनीनं आमच्याच चिन्नोरचा भात सगळ्यांना वाढला. त्याचा वास घेऊन एक म्हातारा म्हणाला, "यह तो ब्याह का चावल है."

निघायच्या दिवशी बैल नव्या छानीत बांधले होते. वहिनीनं वेताच्या टोपलीत अरसे (तांदूळ-गुळाचे, आपल्या अनारशांच्या कुळातले) भरून दिले. याला कल्यो म्हणतात, आणि तो सासरी निघालेल्या लेकीला देतात, असं शेरसिंगनं सांगितलं. वहिनीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि कानाशी म्हणाली, "फिर आना, भुली. गर्मी में आना." शेरसिंग काठीच्या आधारानं दारात उभा होता. आम्ही वळणावर पोहोचेपर्यंत तो तसाच उभा होता.

लामत्याला उतरलो तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं आणि बांध्यांत लाखोळी (लाखेच्या डाळीचं पीक) हिरवीगार होती. घरी शेजारपाजारच्या बाया जमल्या. सासूबाईंनी पहिलंच विचारलं, "बद्रीनाथ पाह्यला का?"

"बंद होता," हे म्हणाले.

"केदारनाथ?"

"तोही बंद."

"मंग इतक्या दूर गेलते कायले?"

यांनी पाय धुतले, पंच्यानं पुसले, आणि सहज म्हणाले, "हिच्या भावाच्या घरी काम होतं."

सासूबाईंनी मान हलवली आणि टोपलीतला अरसा उचलून चाखला.  मी आत जाऊन चूल पेटवली. बाहेर बाया बर्फ कसा असतो ते यांना विचारत होत्या आणि हे त्यांना सांगत होते. मी ऐकत राहिले. ज्या माणसाला मी फक्त एक दोरा बांधला, त्यानं मला एक घर दिलं होतं, एक वहिनी दिली होती, आणि माझ्या नवऱ्याला मेव्हणा दिला होता. देवळं बंद होती याचं मला वाईट वाटत नाही.