डांगराचे झाले भाऊसाहेब

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मगच सांगतो. कारण हा किस्सा ज्यांना ज्यांना सांगितला, त्यांनी मधेच चहाचा कप खाली ठेवून पोट धरलंय. आणि नंतर माझ्याकडे असं बघितलंय, की याला शिक्षक केला तरी कोणी?

केला बाबा, कोणीतरी केला. चित्रकलेचा शिक्षक आहे मी, जामनेरकडच्या एका संस्थेच्या शाळेत. आता पर्मनंट आहे, पण तेव्हा तासिकेवर होतो, जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. तासिकेवर असणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. मुलं ‘सर’ म्हणतात, मुख्याध्यापक ‘अहो’ म्हणतात आणि बाकीचं सगळं गाव ‘पर्मनंट कधी?’ एवढंच म्हणतं. बोदवडला एक मुलगी बघितली होती. मुलगी हो म्हणाली, तिची आई हो म्हणाली. वडील रेल्वेत. ते म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पर्मनंट झाला की सुपारी फोडू."

आणि पर्मनंट करणं होतं भाऊसाहेबांच्या हातात. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. केळीचे मोठे बागाईतदार. मनानं दिलदार, पण राग नाकाच्या शेंड्यावर. अंगात पांढरा सदरा आणि डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. टोपीखाली संपूर्ण टक्कल आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. कोणालाच माहीत नाही, असं फक्त भाऊसाहेबांना वाटायचं. शिवाय टोपी वाकडी झालेली त्यांना खपत नसे. स्वतःची तर नाहीच, दुसऱ्याचीही नाही. भर लग्नात नवरदेवाच्या बापाची टोपी हातानं सरळ करणारा माणूस तो.

तर झालं काय, आठवीच्या वर्गाला मातीकाम शिकवायचं होतं. आमचे मुख्याध्यापक देवरे सर, मूळचे धुळ्याचे. बोलणं एकदम पुस्तकी. ते म्हणाले, "चौधरी सर, कुंभारवाड्यातून माती मागवून घ्या. मळलेली, तयार मिळते."

मी म्हणालो, "सर, शेतकऱ्याच्या मुलानं माती बाहेरून आणायची? आमच्या मळ्यातल्या मातीसारखी माती जिल्ह्यात नाही."

आता सांगा, कोणी विचारलं होतं? पण आपल्या खानदेशी माणसाचं हे असंच. पोराला कोणी नावं ठेवली तर ऐकून घेईल, मळ्यातल्या मातीला कमी लेखलेलं चालायचं नाही. आणि काळी माती शेतात सोनं असली तरी उन्हात कशी तडकते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. भेगांमध्ये पाय अडकून पडलोय मी. तरी हट्ट सोडला नाही.

संध्याकाळी मळ्यात गेलो. आबा, म्हणजे माझे वडील, पाण्याची नळी सरळ करत होते.

"आबा, गोणीभर माती पाहिजे."

"कायले?"

"शाळेत पोरांना शिकवायची आहे."

आबांनी नळी सोडली. "बठ्ठे पोरं मातीतच लोयता ना भाऊ. त्यायले आजून काय शिकाडतो?"

"कला शिकवतो, आबा."

"बरं. ते तिकडची गोणी घे. रिकामी हाये."

आबांच्या भाषेत गोणी रिकामी म्हणजे तिच्यात विकण्याजोगं काही उरलेलं नाही. तळाच्या शिवणीत काय अडकलंय, हे बघायचा विचारही मला शिवला नाही. तशीच भरली, मोटारसायकलला बांधली आणि आणली शाळेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात माती मळली. आता आपल्याकडे पोळ्याला घरोघरी मातीचे बैल करतात. त्यामुळे ही पोरं माझ्याकडून शिकायला बसलेली नव्हतीच. मी ‘माती कशी हाताळावी’ हे फळ्यावर लिहीपर्यंत अर्ध्या वर्गाचे बैल उभे. शिंगं, वशिंड, शेपटी, एकानं तर गळ्यात घुंगूरमाळसुद्धा घातली. मग सरांनाही काहीतरी करून दाखवणं आलं. मी बैल करायला घेतला. तो आधी गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला आणि मग त्याच्याकडे बघवेना.

म्हटलं, पाय नसलेली वस्तू करू. डांगर करायला घेतलं. डांगर म्हणजे तुमचा तो लाल भोपळा. त्याला चुकायला जागाच नाही. तरी माझं एका बाजूनं बसलं, आणि दाबून नीट करायला गेलो तर दोन खड्डे पडले.

पहिल्या बाकावरची हर्षाली फार बारकाईनं बघत होती. "सर, काय करताय?"

"डांगर."

"असं?"

तेवढ्यात देवरे सर वर्गात आले. टेबलाजवळ थांबले. चष्मा वर सरकवला आणि हात जोडून म्हणाले, "अरे वा. भाऊसाहेब."

मी ताडकन उभा राहून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. सर डांगराकडे बघत होते.

"कपाळ हुबेहूब आलंय, चौधरी सर. आणि ते गाल. तुमच्या हातात एवढी कला असेल, असं वाटलं नव्हतं."

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायला हवं होतं? ‘सर, हे डांगर आहे’? म्हणजे मुख्याध्यापकांनी डांगराला संस्थेचे अध्यक्ष समजलं, असं तासिकेवरच्या मास्तरानं भर वर्गात सांगायचं? मी मान खाली घातली आणि म्हणालो, "प्रयत्न करतोय, सर."

हर्षाली म्हणाली, "पण सर आत्ता तर म्हणाले, डां..."

"हर्षाली, हात धुऊन ये."

"अजून मातीत भरलेच नाहीत, सर."

"तरी धुऊन ये."

देवरे सर मात्र हरखून गेले होते. "सोमवारी भाऊसाहेबांचा वाढदिवस. शाळेत कार्यक्रम आहेच. तिथं याचं अनावरण करू. आणि हे बघा, त्यांचा मूड चांगला असला की मी तुमचा पर्मनंटचा विषय काढतो."

झालं. एका डांगरावर माझी नोकरी आणि बोदवडची सुपारी दोन्ही येऊन बसल्या.

मग मी हात धुऊन त्या डांगराच्या मागे लागलो. नाक लावलं की ते ओठावर उतरायचं, म्हणून जरा मोठं लावलं. कान लावले. मिशी बरी जमली. टोपी केली, तर ती करंजीसारखी दिसायला लागली. देवरे सर म्हणाले, "टोपी खरीच घालू. पांढरीशुभ्र." तो प्रश्न सुटला.

पण शुक्रवारी सकाळी बघतो तर भाऊसाहेबांच्या भुवईपासून कानापर्यंत भेग. जिल्ह्यात जिच्यासारखी माती नाही, ती माती वाळायला लागली होती. भेग लिंपली आणि ठरवलं, सोमवारपर्यंत हे ओलं ठेवायचं. जवळ गोणपाट होतं तेच, माती आणलेलं. भिजवलं, उलटं केलं आणि पोरांना कुंची घालतात तसं भाऊसाहेबांच्या डोक्यावरून घातलं. गोणीचा तळ बरोबर टाळूवर बसला.

शनिवार-रविवार मला बोदवडला जायचं होतं. आमचे शिपाई रज्जाकभाई फार जिवाला लावून काम करणारा माणूस. त्यांना म्हणालो, "याच्यावर पाणी मारत राहा. अजिबात सुकू देऊ नका. माझं सगळं यावर आहे."

"बेफिकर रहो सर. अपना बच्चा समझके संभालता."

बोदवडला मी होणाऱ्या सासऱ्यांसमोर ऐटीत सांगून आलो, की सोमवारी पक्की बातमी देतो. ते प्रथमच माझ्याकडे बघून हसले.

सोमवारी सकाळी शाळेत आलो. मंडप, सतरंज्या, माईकची चाचणी चाललेली. मी थेट सामानाच्या खोलीत गेलो आणि गोणपाट उचललं.

भाऊसाहेबांना केस आले होते. हिरवे. दाट. बोटभर उंच.

मी गोणपाट परत घातलं, डोळे चोळले, परत काढलं. केस होतेच. वाऱ्यानं जरा हललेसुद्धा.

मागून रज्जाकभाई समाधानानं म्हणाले, "परसों से आ रहे, सर. मैंने सोचा, सर की कारागिरी है. इसलिए पानी बढ़ा दिया. सुबह-शाम धूप भी दिखाई."

शेतकऱ्याचा मुलगा ना मी? ओली काळी माती, वरून ओलं गोणपाट, बंद खोलीतली ऊब आणि शिवणीत अडकलेलं मेथीचं बी. मुद्दाम पेरलं असतं तर इतकं चांगलं उगवलं नसतं. एक रोप उपटून बघितलं, तर त्याच्याबरोबर कपाळाचा टवका निघाला. म्हणून कात्री घेतली. एका कानावरचे केस कापून होतात न होतात, तोच देवरे सर आत आले.

आमचे शुद्ध बोलणारे देवरे सर एकदम धुळ्याला जाऊन पोहोचले. "चौधरी, हाई काय शे?"

"मेथी आहे, सर."

"भाऊसाहेबना डोकावर?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. फटाके वाजले. सरांनी टोपी घेतली आणि सगळ्या मेथीवर दाबून बसवली. बसली. पण खालून लुसलुशीत पीक. दाबलं की खाली जायचं, सोडलं की हळूच वर यायचं. एका बाजूला कापलेलं असल्यामुळे टोपी तिकडे झुकली. सर म्हणाले, "देवाचं नाव घ्या आणि उचला."

व्यासपीठावर टेबल, टेबलावर तो पुतळा, त्यावर शाल. पाहुण्यांची भाषणं झाली. मी एका बाजूला उभा. मनात एकच, शाल काढा, हार घाला आणि माझ्या बापहो, लवकर जेवायला चला.

शाल निघाली. टाळ्या वाजल्या. भाऊसाहेब पुतळ्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले.

"देवरे सर, माह्यं नाक इतलं मोठं हाये का?"

"कलाकाराची दृष्टी असते, भाऊसाहेब."

"हं." आणि मग त्यांची नजर वर गेली. टोपीवर. वाकड्या टोपीवर.

त्यांचे दोन्ही हात वर गेले. अगदी प्रेमानं. त्यांनी टोपी सरळ करायला म्हणून उचलली.

मेथी दबलेली होती, ती उभी राहिली.

मग पहिल्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. ती हर्षालीच होती, मी पैजेवर सांगतो. आणि मग सगळी शाळा हसायला लागली. पोरं, पालक, पाहुणे. बँडवालासुद्धा.

भाऊसाहेब हातात टोपी धरून तसेच उभे. कान लाल झालेले. मी मनातल्या मनात बोदवडला फोन लावला आणि सगळ्यांची क्षमा मागितली. खरं सांगतो, नोकरीपेक्षा मला त्या माणसाचं वाईट वाटलं. इतकी वर्षं जे झाकलं, ते मी टेबलावर मांडलं होतं. वरून पेरलं होतं.

भाऊसाहेबांनी पुतळ्याच्या डोक्यावरचा एक कोंब खुडला. तोंडात टाकला. चावला. माईक चालू होता, त्यामुळे चावल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं.

"मेथी हाये," ते म्हणाले. "कोवयी हाये." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, माती कुठली?"

"आमच्या मळ्यातली, भाऊसाहेब."

"खत?"

"शेणखत."

ते मान हलवत राहिले. आणि मग, मी आयुष्यात विसरणार नाही, त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली. भर मंडपात. ऊन पडून डोकं लखलखलं.

"पाहा रे पोरांनो," ते म्हणाले. "जवानीपासून या डोक्याले कितलं तेल चोयलं. एक काडी उगली नही. आनि या मास्तरनं मातीच्या डोक्यावर मेथी काढली."

मंडप पुन्हा हसला. पण आता भाऊसाहेब सगळ्यात जोरात हसत होते. डोळ्यांतून पाणी काढून हसत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते निराळं.

हसणं थांबल्यावर त्यांनी टोपी घातली, सरळ केली आणि म्हणाले, "देवरे सर, या मास्तरले पर्मनंट करून टाका."

मी खाली वाकून त्यांचे पाय धरणार, तोच पुढचं वाक्य आलं.

"पन मातीकाम त्याले देऊ नका. शाळाची परसबाग देऊन टाका. पोरायच्या खिचडीत भाजी पडीन."

तर अशी माझी नोकरी पक्की झाली. सुपारी फुटली, लग्न झालं. चित्रकला शिकवतो आणि परसबाग सांभाळतो. वांगी चांगली येतात, टोमॅटो लागतात, पालकाचं तर विचारू नका. फक्त मेथी येत नाही. बी बदललं, वाफा बदलला, आमच्या मळ्यातली माती नेऊन टाकली, रज्जाकभाईंना पाणी मारायला लावलं. नाही म्हणजे नाही. भाऊसाहेब शाळेत आले की वाफ्यापाशी थांबतात, रिकाम्या मातीकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि काही न बोलता पुढे जातात. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा चहाला बसलो असताना बायकोला म्हणालो, "सगळं नीट करतो गं. तरी काय चुकतं, कळत नाही."

ती कपाळावरून मागे सरकलेल्या माझ्या केसांकडे शांतपणे बघत होती.

"जागा चुकतेय तुमची," ती म्हणाली. "थांबा थोडं. दोन वर्षांत वाफा घरातच तयार होतोय."