कांदा झाकून घ्या

मी निघाले त्या दिवशी आण्णा पुण्यापर्यंत आले नाहीत. पाथर्डीजवळच्या आमच्या वस्तीवरून फाट्यापर्यंत त्यांनी माझी बॅग मोटरसायकलवर आणली, जीपच्या टपावर स्वतः बांधली आणि मग माझ्याकडे न बघता डोंगराकडे बघत राहिले. एप्रिल संपत आला होता. तिकडे काळं भरून येत होतं.

"मला जाया पायजे," ते म्हणाले. "कांदा उघडा हाय."

जीप हलली तशी ते दोन पावलं सोबत चालले. "पोचलीस की सांग, तिथलं आभाळ कसं हाय."

वडिलांनी लेकीला परदेशी धाडताना काहीतरी मोठं बोलावं, असं मला पुस्तकं वाचून वाटत होतं. मी थोडी रुसूनच गेले.

अमेरिकेत, ओक्लाहोमात, माझा नवरा आधीपासून होता. सपाट मुलूख, डोंगर नाही, टेकाड नाही. मला एका लहान गावाच्या वाचनालयात मुलांच्या पुस्तकांचं काम मिळालं. पहिल्याच फोनवर मी आण्णांना आभाळ सांगितलं: लई मोठं आहे, कुठून सुरू होतं कळत नाही. ते हसले. "मग तिथं शेती अवघड," म्हणाले. त्यानंतर प्रत्येक फोन आभाळापासूनच सुरू व्हायचा.

इथे वसंतात टोर्नेडो येतात, घरं उचलून नेणारी वादळं; त्यांची तयारी मला शेजारच्या मार्थाबाईंनी शिकवली. सत्तरी ओलांडलेली बाई, बोलणं तिखट. घरात खिडकी नसलेली जागा कोणती, ते त्यांनी मी आल्याआल्या दाखवलं: जिन्याखालचं कपाट. त्यात पाणी, टॉर्च, सेलवर चालणारा रेडिओ, औषधं, कागदपत्रांची पिशवी आणि सायकलची हेल्मेटं. आणि बूट. वादळात पायात बूट घालूनच बसायचं, कारण नंतर बाहेर काचा आणि खिळे असतात. चपला दाराबाहेर काढणाऱ्या घरातली मी, बूट घालून कपाटात बसताना मला पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं झालं. मार्थाबाई म्हणाल्या, "देवळात नाही बसलीस, बाळ. जिन्याखाली बसलीयस."

'वॉच' म्हणजे वादळ होऊ शकतं, 'वॉर्निंग' म्हणजे आत्ताच्या आत्ता आत. शनिवारी दुपारी बाराला भोंग्याची चाचणी होते. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला शुगर फॅक्टरीचा भोंगा आठवला, आणि पाळी बदलली असेल असं क्षणभर वाटून गेलं. खऱ्या भोंग्याला मात्र वाचनालयातली पोरं रांगेने तळघरात जातात. कुणी मागे वळून पुस्तकसुद्धा उचलत नाही.

इथे मला एक गोष्ट कळायला हवी होती, ती कळली नाही. इथे इशारा आला की माणसं आत जातात. आमच्याकडे इशारा आला की माणसं बाहेर धावतात. चार महिन्यांचा कांदा शेतात ढीग लावून पडलेला असतो, आणि भिजला की सडतो. म्हणून ढग दिसला की घरातला प्रत्येक माणूस कागद घेऊन पळतो. प्लास्टिकच्या ताडपत्रीला आम्ही कागदच म्हणतो. वाऱ्यात तो धरायला चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. एवढं केल्यावर मग वीज पडू नये म्हणून घरातली बाई लोखंडी पहार अंगणात फेकते. माणूस रानात आणि पहार अंगणात. या तयारीत मी वाढले.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मोबाईलवर गावाचं हवामान बघितलं. दुपारी चारनंतर वादळ, विजा, गारा. इथे संध्याकाळ झाली होती, तिथे सकाळ. मी फोन केला. मला अभिमान वाटत होता, ते खोटं कशाला सांगू. इतक्या लांबून मी आण्णांना त्यांचं आभाळ सांगत होते.

"आण्णा, चारनंतर येतंय. कांदा झाकून घ्या."

"आयला," ते म्हणाले, "हितं तर चिटपाखराएवढा ढग न्हाई. तू म्हनतीस तर झाकतो."

त्यांनी दुपारचं जेवण टाळलं आणि कागद घेऊन एकटेच गेले. चुलतभाऊ बाळू बाजारला गेला होता, आईला त्यांनी घरीच थांबवलं. तीन कोपरे त्यांनी दगडांनी दाबले. चौथ्याला वारा आला. तो कोपरा धरून ते बराच वेळ उभे होते, असं पलीकडच्या शेतातल्यांनी पाहिलं. गारा सुरू झाल्यावर तोही कसाबसा दगडाखाली दाबून ते बांधावरच्या लिंबाखाली गेले. वीज लिंबावर पडली.

बाळूने फोन केला तेव्हा मी कामावर निघण्यासाठी बूट घालत होते. तो एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ताई, कांदा मातर कोरडा राहिला."

त्या सकाळचा माझा फोन मी कुणाला सांगितला नाही. गावी गेले, दिवस केले, परत आले. दरवर्षी मार्चमध्ये जिन्याखालचं कपाट आवरते, सेल बदलते, पाणी बदलते. गावाचं हवामानही रोज बघते, पण तेव्हापासून मी आईला त्यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं तर ती बाहेर जाईल. नाही सांगितलं तर ती आधीच बाहेर असेल.

यंदा पुन्हा तसाच इशारा आला. कांदा पुन्हा रानात, आई घरी एकटी. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग केला, आणि आधी ते जुनं सांगून टाकलं. आण्णांना मीच धाडलं होतं, आई.

तिच्या मागे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "कागद काढताना सांगत हुते. निमा तिकडून आपलं आभाळ बघती म्हनून. शेजाऱ्याला बी सांगून आले. लई ऐटीत गेल्ते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज काय म्हनतंय तुजं आभाळ?"

"चारनंतर येतंय. आई, तू पायात चप्पल घालून आत बस. बाळूला पण आत बसव. कांदा राहू दे."

"भिजल की."

"भिजू दे."

"भिजू दे म्हनायला तुजं काय जातंय? पिशवीतून किलोभर आनतीस." मग म्हणाली, "बरं. बसते."

इथे उजाडायच्या सुमारास मी पुन्हा फोन लावला. गारा पत्र्यावर इतक्या वाजत होत्या की आईचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येत होता. बाळू तिच्या शेजारी होता आणि कांद्याच्या नावाने हळहळत होता. आईने पहार फेकली होती, दार लावलं होतं. "चप्पल घालून बसलीय, तू म्हनतीस तशी," ती ओरडून म्हणाली. "देव कोपला तर तुज्यावर." मी फोन कानाला लावून आमच्या जिन्यावर बसून राहिले. अर्ध्या तासाने आवाज ओसरला. अर्धा कांदा गेला होता.

तुमच्यापैकी जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे लांब आलात, तुम्हालाही कुणी विचारत असेल की तुमचं घर आता कुठलं. माझ्या मोबाईलमध्ये दोन ठिकाणचं हवामान आहे. वरचं गावाचं. ते खाली सरकवायला माझं बोट अजून धजलेलं नाही.

फोन ठेवता ठेवता आई थांबली. हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"तुज्याकडं आभाळ कसं हाय?"

मी अनवाणीच दाराबाहेर गेले आणि वर बघितलं.