गर्दीतले चेहरे

दर एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमात, बाबा आर. के. पुरमच्या हॉलमध्ये एकच आठवण सांगत. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा ते चारेक वर्षांचे होते, माझ्या आजोबांच्या कडेवर. "जिकडं पाहावं तिकडं माणसं. पांढरे कपडे, आणि चेहरेच चेहरे." एवढंच. विदर्भातून नोकरीसाठी इकडे राजधानीत आलेली घरं तेवढं ऐकायला थांबत.

मी इतिहास शिकवतो. साक्षीदार कुठे उभा होता ते आधी विचारा, असं वर्गात सांगतो. एका वर्षी कार्यक्रमानंतर जेवताना माझी मुलगी तिच्या आजोबांची ही आठवण मोबाईलवर रेकॉर्ड करत होती. मला राहवलं नाही.

"बाबा, गर्दीत होतात ना? मग चेहरे कसे दिसले? गर्दीतल्या माणसाला पुढच्यांच्या पाठी दिसतात. चेहरे स्टेजवरून दिसतात. तुम्ही आपल्या घरातला, स्टेजवरून काढलेला फोटो सांगताय."

दोघं-तिघं हसले. "प्रोफेसरसाहेबांनी पकडलं!"

"पप्पा, बस ना यार." मुलीने रेकॉर्डिंग बंद केलं.

बाबा भात कालवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग मी होतो कुठं?"

"ते तुम्ही सिद्ध करायचं."

हो, असंच म्हणालो. पुढे वर्गातही हे उदाहरण देऊ लागलो. मुलं हसायची.

हिवाळ्यात नागपूरहून आत्याचा फोन आला. बाबांची थोरली बहीण. दीक्षेच्या दिवशी तीही तिथे होती. बोलता बोलता म्हणाली, "तुझा बाप त नुसता रडत होता बाप्पा. आई मागं बायकांत बसलेली. आमच्या बापाच्या गळ्याला मिठी मारून मागंच पाहत राहिला. समोरचं काही पाहिलंच नाही त्यानं."

मागे पाहणाऱ्याला चेहरेच दिसणार. आत्याला विचारता येईल हे मला आधीही ठाऊक होतं. विचारलं नाही, कारण मला बाबांना हरवायचं होतं.

फोन ठेवला तेव्हा बाबा मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पलीकडच्याच खोलीत होते. सांगू उद्या, म्हटलं. सांगायचं तर माफीही मागावी लागणार होती. राहिलं ते राहिलंच.

पुन्हा एप्रिल आला. बाबांपुढे माईक धरला.

"मी फार लहान होतो," ते म्हणाले. "नक्की सांगता येणार नाही. आमच्या मुलाला विचारा, त्याचा अभ्यास आहे."

माईक माझ्याकडे आला. मी आठवणींवर किती विश्वास ठेवावा, यावर बोललो. चांगलं बोललो. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या.