मामांना दिलेली शाबासकी

नांदेडच्या एका दवाखान्यात मी सर्जिकल वॉर्डात ब्रदर आहे. लोकांचं दुखणं सांभाळायचा मला पगार मिळतो. स्वतःची दाढ काढताना मात्र मी डॉक्टरांच्या बोटाला चावलो होतो. अशा शूरवीरानं भोकरकडच्या एका मामांना शाबासकी दिली, त्याची ही हकीकत.

मामांचं आतडं फुटलेलं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, दुखल्यास इंजेक्शन द्यावे. सकाळी मी विचारलं, "मामा, दुखतंय का?" नेमके इस्लापूरचे व्याही भेटायला येऊन खाटेशी उभे. मामा म्हणाले, "न्हाई. मजेत हाय."

झालं, माझ्यातला वक्ता जागा झाला. शेजारच्या खाटेवर अपेंडिक्सवाला तरणा पोरगा आईच्या नावानं ओरडत होता. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मी त्याला म्हणालो, "बघ, ह्याला म्हणतात गडी! पोट फाडलंय, पण हूं की चूं नाही."

"आमचे व्याही म्हंजे काय समजला!" व्याह्यांची छाती फुगली. मामांनी मिशीवर हात फिरवला. इंजेक्शन ट्रेमध्येच राहिलं आणि मी स्वतःवर खूश होऊन पुढच्या खाटेकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी मामांना ताप. श्वास वरच्यावर, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन उतरलेला. पोट दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, मग छातीत कफ साठतो, हे मी शिकाऊ पोरींना रुबाबात शिकवतो!

मामींनी मला नळापाशी गाठलं. "तुमी पाठ फिरवली की कन्हून राहिलेत. सुई मागा म्हणलं तर मलाच डाफरले. म्हणे, ब्रदरनं समद्याईसमोर गडी म्हणलंय, आता कोन्त्या तोंडानं मागू?"

मुक्कामाला राहिलेल्या व्याह्यांना मी चहाला पिटाळलं आणि पडदा ओढला. "मामा, खरं सांगा."

"व्याही गेले का?"

"गेले."

मामांनी माझं मनगट आवळलं. "लई दुखून राहिलंय रे बाबा. श्वास घेतला की सुरी फिरते."

डॉक्टरांना सांगून इंजेक्शन दिलं. ते चढल्यावर पोटावर उशी ठेवली. "दाबून धरा अन् खोका." मामा एकदा खोकले, डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात पडद्याबाहेर व्याह्यांचा आवाज आला आणि मामांनी ओठ मिटून घेतले. मान हलवून नाही म्हणाले.

मला दुसरं काही सुचलं नाही. मीच ओरडलो, "आई गं! मेलो!"

"काय झालं हो?" बाहेरून व्याही.

"माझी कंबर धरली!" असं म्हणून मी कण्हतच राहिलो. त्या गोंगाटात मामा खोकत राहिले, रडत राहिले. बऱ्याच वेळानं कफ सुटला. यंत्रावरचा आकडा मात्र हलला नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर आयसीयूत हलवू, असं डॉक्टर सांगून गेले. मामींनी मामांचं तोंड पुसलं. मी पुन्हा उशी पुढे केली आणि कण्हायला लागलो.