नवी सिस्टीम टाकल्यावर

कॉम्प्युटरचं पाठचं झाकण उघडलं की धूळ निघते, आणि आमच्याकडे धुळीबरोबर एखादा किस्साही निघायचा. शहापुरात भाताच्या गिरणीच्या माडीवर धानके सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथे शिकवायचे आणि उरलेल्या वेळात सरांबरोबर लोकांची मशीनं दुरुस्त करायला जायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या ऑफिसांतून निघालेले जुने कॉम्प्युटर आमच्या भागात येत आणि आल्या आल्या त्यांत काहीतरी बिघडायचं. किस्से इतके जमलेत की माझा नवरा पहिल्या वाक्यालाच शेवट सांगून टाकतो. तुम्ही ऐकलेले नाहीत, म्हणून सांगते.

सरांचं एकच म्हणणं असायचं. "पार्ट फेकू नका. आधी सिस्टीम बदलून बघू." सिस्टीम म्हणजे मशीनला चालवणारा मूळ प्रोग्राम. तेव्हा सगळीकडे पंच्याण्णव सालची होती आणि अठ्ठ्याण्णव सालची नुकतीच येत होती.

* * *

हे म्हणणं सरांना सुचलं ते आमच्याच क्लासमधल्या मशीनमुळे. त्याला आवाज नव्हता. सरांनी कल्याणहून नवं साउंड कार्ड आणलं, गप्प. ते काढून ठेवलं आणि दुसरं आणलं, तेही गप्प. शेवटी वैतागून म्हणाले, "संध्या, नवी सिस्टीम टाक. आणखी काय बिघडणार आहे?"

टाकली. मशीन पुन्हा चालू झालं आणि स्पीकरमधून सुरुवातीची ती धून वाजली. क्लासमधली मुलं उभीच राहिली. खाली गिरणीत भात भरडायला आलेली माणसं जिन्यात जमली.

"काय वाजलं गो?" गिरणीवाल्या गणपतकाकांनी विचारलं.

"कॉम्प्युटर वाजला, काका."

"इतके दिस काय झालं होतं त्याला?"

"काही नाही. कार्ड चांगलंच होतं. त्याला ते ओळखता येत नव्हतं."

काका दोन पायऱ्या चढून आत डोकावले. मग म्हणाले, "म्हंजे गळा होता, पण त्यालाच म्हाईत नव्हता."

सरांनी काढून ठेवलेलं पहिलं कार्ड परत बसवून बघितलं. तेही वाजलं.

* * *

किन्हवलीच्या एका पतपेढीत काशिनाथ मामा क्लार्क होते. जुन्या सिस्टीममध्ये मशीन बंद करायला सांगितलं की पडद्यावर अक्षरं यायची, आता बटण बंद केलं तरी चालेल. मामा ती अक्षरं येईपर्यंत खुर्चीच्या मागे उभे राहत आणि मगच बटण दाबत. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

तिथला सीडी ड्राइव्ह चालत नव्हता म्हणून आम्ही अठ्ठ्याण्णव टाकली. ड्राइव्ह चालू झाला आणि आम्ही घरी आलो. संध्याकाळी क्लासमध्ये फोन वाजला.

"म्याडम, मी बटनाला हात लावला नाय. तो आपला आपन गेला."

"मामा, नव्या सिस्टीममध्ये तो स्वतःच बंद होतो. बिघडलेला नाही."



"सोताच?"

"हो."

"मंग त्यावर कापड तरी मीच घालायचं ना?"

मी म्हटलं, "ते तुम्हीच घालायचं."

* * *

मुरबाडच्या मंगलाताई लग्नपत्रिका छापायच्या. त्यांच्या भावाने ठाण्याहून रंगीत प्रिंटर पाठवला होता, पण त्याच्या वायरचं चपटं टोक मशीनमध्ये कुठे लावायचं ते कळेना. प्रिंटर काही जागा होईना. त्यात लगीनसराई तोंडावर, आणि दोन घरांना रंगीत पत्रिकेचा शब्द दिलेला.

मी मशीन फिरवलं. मागे दोन चपट्या खाचा होत्या. दोन्हींत उदबत्तीची राख.

"ताई, हे काय?"

"दसऱ्याला पूजा करते ना त्याची. उदबत्ती खोचायला जागा दिलीय असंच वाटलं मला. बाकी कुठं काय अडकवायचं ते सगळं अडकवून झालं, हीच दोन रिकामी राहिली होती."

सरांनी फुंकर मारून, ब्रशने राख काढली. मी नवी सिस्टीम टाकली, कारण जुनीला त्या खाचा समजतच नव्हत्या. वायर लावली. पडद्यावर प्रिंटरचं नाव आलं आणि थोड्या वेळाने लाल-पिवळा गणपती कागदावर हळूहळू उतरू लागला. ताई तो पूर्ण बाहेर येईपर्यंत उभ्या होत्या. कागद हातात घेतला नाही, आधी पदर डोक्यावर घेतला.

"इतकी वर्षं तयार होत्या त्या खाचा," एवढंच म्हणाल्या.

* * *

वाशिंदला एका कारखान्यातले स्टोअरकीपर शेलार यांच्या पडद्यावर सोळाच रंग दिसत. मुलीच्या लग्नाचे फोटो उघडले की नवरा-नवरी हिरवी. सिस्टीम टाकत असताना अर्ध्यातच लाइट गेली. सरांचा चेहरा उतरला. जुनी पुसली गेलेली, नवी पुरती आलेली नाही, आणि फोटो सगळे आतच.

आम्ही अंधारात चहा प्यालो.  लाइट आली आणि मशीनने विचारलं, जिथे थांबलो होतो तिथून पुढे जाऊ का? आणि गेलं. रंग आले, नवरी गोरी झाली, शालू जांभळा झाला.

शेलार म्हणाले, "आमच्या स्टोअरमध्ये लाइट गेली की माणसंसुद्धा माल परत पहिल्यापासून मोजतात."

* * *

आता शेवटचा. तोवर त्याहून नवी सिस्टीम, एक्सपी, आली होती.

भातसानगरजवळ रघुनाथ भोईर राहायचे. धरणावर मेकॅनिक होते, निवृत्त झाले आणि त्यानंतर घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. मुलाने ऑफिसमधला जुना कॉम्प्युटर आणून दिला, वडील टाइप करून तरी बोलतील म्हणून. ते इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे. पण त्यांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, इंग्रजी अक्षर येत नव्हतं. त्या स्वयंपाकघरात असल्या की भोईर चमच्याने पेला वाजवून बोलवत. त्या पिढीत बायकोला नावाने हाक मारणारे आमच्याकडे थोडेच, पण आवाज होता तोवर भोईर मारायचे. बाहेरच्या ओट्यावरून मारलेली हाक चार घरं ऐकायची.

मुलाने आम्हाला बोलावलं होतं ते मशीनला आवाज नाही म्हणून. त्याला वाटलं, निदान भजनं तरी ऐकतील. सरांनी मेमरी वाढवली, मी एक्सपी टाकली. आवाज आला. मग सर सेटिंगमध्ये शिरले आणि एका चौकटीपाशी थांबले. तिथे काही लिहून बटण दाबलं की मशीन ते वाचून दाखवत होतं. कुणा परदेशी माणसाचा पत्र्यासारखा आवाज.

सरांनी खुर्ची सोडली. "काका, बसा तुमी."

भोईर बसले. एका बोटाने टाइप केलं, बटण दाबलं. मशीन काहीतरी भलतंच बोललं. त्यांनी एक अक्षर खोडलं, दुसरं घातलं, पुन्हा दाबलं. जरा जवळ आलं. आणखी एक अक्षर वाढवलं. मग त्यांनी स्पीकरचं बटण पुरतं फिरवलं आणि दाबलं.

"शकू."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"आले वो," शकुंतलाबाई म्हणाल्या, "तव्यावर भाकर हाय."