शॉक न दिलेले उंदीर

आधीच सांगतो, भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. गावी म्हसळ्याला ज्या चिंचेखालून लोक जायला घाबरायचे, तिथे मी दुपारच्या झोपा काढल्यात. मुंग्यांशिवाय कोणी झपाटलं नाही. तेव्हा खालचं वाचून मला जे काही समजायचं ते समजा...

मी बहरीनला एका रिसर्च लॅबच्या अॅनिमल हाऊसमध्ये टेक्निशियन आहे. उंदरांचं खाणंपिणं आणि साफसफाई माझ्याकडे. आमच्याकडे पीटीएसडीवर स्टडी चालतो, म्हणजे मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसाच्या मनाचं जे होतं, ते उंदरात बघायचं. उंदराला पेटीत ठेवतात, बीप वाजते आणि पायाखालच्या जाळीतून शॉक बसतो. पुढे शॉक बंद, नुसती बीप. तरी तो थिजतो. मिशीसुद्धा हलत नाही. अर्ध्या उंदरांना मात्र कधीच शॉक देत नाहीत. ते कंट्रोल, तुलनेसाठी. बीप वाजली तरी ते आपले नाक पुसत बसतात. सुखी जीव.

एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून, उदाचं अत्तर चोपडून मी थेट त्यांच्या रॅकसमोर उभा राहिलो होतो. वासाने उंदीर बिथरतात, हे नव्या लोकांना शिकवणारा मीच! सगळी रीडिंग्ज वाया. आमच्या मल्याळी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रफीक, चूहों की शादी है क्या?" तेव्हापासून लॅबमध्ये काहीही बिघडलं की पहिली नजर माझ्याकडे.

माझा थोरला भाऊ — आम्ही त्याला भाई म्हणतो — इथेच सित्राला एका प्लांटमध्ये फिटर. तिथे त्याच्या डोळ्यांसमोर पाइपलाइनने पेट घेतला. शेजारचा माणूस गेला, भाईला ओरखडा नाही. कंपनीने काही महिने रजा दिली, तपासण्या झाल्या, फिट ठरला. आता रविवारी शिफ्टवर हजर व्हायचं होतं. नईम भागातल्या आमच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. विचारलं की एकच उत्तर, "मना काय झाला नाय." गावाहून भाभीचा फोन आला की मीही तेच सांगायचो. सोपं होतं ते.

रविवारच्या आधीच्या शुक्रवारी त्याला एकटं सोडवेना, म्हणून दुपारी ड्यूटीवर सोबत नेलं. बाहेरच्या माणसाला आणायची परवानगी नाही, पण नियम मोडायचा म्हटलं की माझं डोकं फार चालतं. त्याला कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसवलं. मी पुन्हा आंघोळ करून आलो होतो, अत्तराचा थेंब नव्हता. आत जाऊन दार लावलं आणि कंट्रोलच्या रॅकवर पाण्याच्या बाटल्या बदलायला लागलो.

खुडबुड चालली होती. एकदम थांबली.

बघतो तर सगळे थिजलेले. एकजात. मला वाटलं, मीच काहीतरी केलं. स्वतःचा शर्टसुद्धा हुंगला. मग दार उघडलं, तर भाई अगदी दाराला चिकटून उभा.

"बस जा," मी म्हटलं. तो जाऊन बसला. मी दार लावलं. थोड्या वेळाने आत खुडबुड सुरू.

मग मी शास्त्रज्ञ झालो. भाईला म्हटलं, परत दारापाशी ये. परत थिजले. लिफ्टपर्यंत जा. हलायला लागले. माझा भाऊ, माझ्याहून वयाने मोठा, मी सांगेन तसा जात-येत राहिला. का, म्हणून एकदाही विचारलं नाही.

शेवटी गाऊन, टोपी घालून त्याला आत घेतलं. पिंजऱ्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला. ते हलले नाहीत, तोही नाही.

"हे असं का बसलेत?"

मी म्हटलं, घाबरले की असे बसतात. पण यांना कोणी काहीच केलेलं नाही, भाई.

तो त्याच सपाट आवाजात म्हणाला, "मी पण असाच बसतो." मग, "रविवारी मना बसमध्ये नको बसवूस."

नाही बसवला. रविवारी कंपनीची बस सित्राला गेली तेव्हा आम्ही सलमानिया हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर होतो. भाईने आग पहिल्यांदा सांगितली, दुसऱ्याच कोणाची बातमी वाचावी तशी. ऐकताना मलाही काही वाटलं नाही, हे खरं सांगतो. आता तो गावी आहे. गोळ्या चालू आहेत. भाभी म्हणते, जेवतो. बोलत फार नाही.

मॅडमना सगळं सांगितलं, मेमो घेतला. त्या म्हणाल्या, भीतीला वास असतो. असेल. पण दार बंद होतं, पिंजरेही बंद, आणि त्यांत हवा फिल्टरमधून पाइपने येते. मग म्हणाल्या, तू पिंजऱ्यांची अदलाबदल केली असशील. माझी कीर्ती बघता त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही दोघांनी मिळून लेबलं तपासली. कंट्रोलच होते.

एक्स्प्लनेशन माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा... पण त्यासोबत हेही सांगा — उंदरांना जे बंद दारापलीकडून कळलं, ते भाईच्या शेजारच्या गादीवर झोपणाऱ्या मला इतके महिने कसं कळलं नाही?