गयाआज्जीची उंची

लोक मला विचारतात, "सिस्टर, म्हाताऱ्यांची उंची मोजण्यात कसले आलेत किस्से?" अहो, या एकदा धारूरच्या डोंगराकडं, आमच्या उपकेंद्रात! साठीपुढच्यांचं पोषण तपासायचं म्हणजे वजन आणि उंची घ्यायची. वजनाला एक मिनिट लागतं. उंचीला मात्र रोज नवं नाटक!

*

पहिलंच गिऱ्हाईक बापूराव. डोक्याला भला मोठा पटका. आमच्या आशा कार्यकर्त्या शकीलाआपा म्हणाल्या, "बापू, पटका काढा." बापू भडकले. "चार बायांत पटका काढू? न्हाई जमायचं!"

शेवटी तोडगा निघाला. सगळ्यांनी पाठ फिरवायची, मग बापू पटका काढणार. फिरवली पाठ. बापू भिंतीला टेकून ताठ उभे. बराच वेळ झाला. मग बापूच ओरडले, "आगं, पण मोजायलंय कोण?"

*

मग केंद्रात नवी फरशी बसली. लई चकाचक! त्या आठवड्यात जो येईल तो गेल्या खेपेपेक्षा उंच. मी खूश! म्हटलं, आले म्हातारे वळणावर, शिकले ताठ उभं राहायला. शेवटी आपांनी स्वतःची उंची घेतली आणि घाबरून हाक मारली, "सिस्टर, मी ह्या वयात वाढायलेय का वो?"

फरशी वर चढली होती, भिंतीवरची टेप जागच्या जागी! सगळं गाव परत मोजलं. कपाळ माझं!

*

त्या फेरमोजणीत गयाआज्जी आल्या, नवऱ्याच्या, म्हणजे नामदेवआबांच्या मागून. पाठीला कमान, अंगावर नुसती हाडं. भिंतीला उभं केलं तर उंची भरली अगदीच कमी, आणि तेवढ्या उंचीला वजन बरोबर बसलं. म्हणजे कागदावर आज्जी ठणठणीत! डॉक्टरांकडं पाठवायच्या यादीत नाव नाही, पोषणाचा डबा नाही. मला राहवेना.

आज्जी म्हणाल्या, "पोरी, मी अशी न्हवते. लग्नात ह्यांच्याहून उंच होते. ह्यांच्या पायाखाली दोन पाट दिलते!"

"खोटं बोलतीया!" आबा गरजले. "खातीया, पितीया, काय झालंय तिला?"

"खाते की," आज्जी म्हणाल्या. "ह्यांचं झाल्यावर, उरलं तर."

आबा खाली बघायला लागले.

मी म्हटलं, थांबा! पाठ वाकते, हाताचं हाड वाकत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत टेप लावली, हाताच्या मापावरून उंची सांगणाऱ्या तक्त्यात बघितलं. आज्जी एकशे पंचावन्न सेंटीमीटर! आणि आबा? भिंतीला ताठ उभे राहून एकशे बावन्न! मी तर जागेवर उडीच मारली. खऱ्या उंचीला आज्जींचं वजन फारच कमी होतं. नाव यादीत, सगळ्यांत वर!

*

पंधरा दिवसांनी आपा आणि मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं, दुपारची जेवणं चालली होती. आबा जमिनीवर बसून दुधात भाकरी कुस्करत होते. ते ताट मात्र आज्जींपुढं होतं. आणि आज्जी बसल्या होत्या पाटावर. एकावर एक, दोन पाट!